हंगामी मजूर आणि कारखान्याचा कायदा : वऱ्हाडातील जिने व अमेरिकेतील समांतर इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे कापसाच्या बाजाराचे गाव. दिवाळीच्या सुमारास भोवतालच्या खेड्यांतून कापूस येऊ लागला म्हणजे अशा गावांतील जिने सुरू होतात आणि उन्हाळा सरण्यापूर्वी ती थंडावतात. उरलेले महिने पत्र्याच्या छपराची ती लांबट इमारत कुलूपबंद असते. पदव्युत्तर वर्गात कामगार कायद्याचा इतिहास शिकविताना 'कारखाना' हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे परळ-लालबागची धुरांडी उभी राहतात. ज्या गावाहून तो स्वतः आलेला असतो त्या गावचे जीन उभे राहत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. आपल्याकडील कामगार चळवळीचा इतिहास बहुतांशी मुंबईच्या गिरणगावातून लिहिला गेला आणि अमेरिकेतील इतिहास शिकागो, पिट्सबर्ग, डेट्रॉइट ह्या शहरांतून. वस्तुतः मध्यप्रांत व वऱ्हाडात कारखाना म्हणून सरकारदप्तरी नोंद झालेल्या इमारतींपैकी बहुसंख्य इमारती कापडगिरण्यांच्या नव्हत्या, तर सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांच्या होत्या. ह्या कारखान्यांतील मजूर कायद्याच्या कक्षेत केव्हा आला, कोणत्या अटींवर आला, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्याच जिनातील मजुराला कायद्याने कसे वागविले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन्ही ठिकाणी कायद्याने कामगाराची जी व्याख्या केली ती वर्षभर चालणाऱ्या कारखान्याकडे पाहून केली. हंगाम हा त्या व्याख्येतील अपवाद ठरला, आणि तो अपवाद कायद्यांच्या अनेक पिढ्यांना पुरून उरला, असे मला वाटते.

दोन्ही प्रदेशांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना गुलामांच्या श्रमाने पिकविलेला कापूस मिळेनासा झाला, आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. युद्ध १८६५ मध्ये संपले व त्याबरोबर कापसाचे भावही कोसळले. पण तोवर वऱ्हाड जगाच्या बाजाराला जोडले गेले होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची लोहवाट आली तीही मुख्यतः कापसासाठीच. पूर्वी सरकी घरोघरी हाताने फिरवायच्या चरकावर काढली जाई. रेल्वेने गाठी पाठवावयाच्या तर रुई वाफेच्या यंत्राने काढून यंत्रानेच दाबणे सोयीचे होते. अशा रीतीने चरकावरचे काम घरातून निघून जिनात गेले आणि ते करणारी बाईही त्यामागोमाग जिनात गेली.

येथे एका यांत्रिक तपशिलाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. कारण पुढील कायद्याच्या चर्चेत त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ मध्ये पेटंट घेतलेले जीन करवतीच्या दात्यांचे होते. ते झपाट्याने चालते आणि मोजक्या माणसांकडून चालविता येते. हिंदुस्थानात जे रुजले ते मॅकार्थी पद्धतीचे रूळजीन. हेही मूळचे अमेरिकेचेच; परंतु ते संथ चालते, म्हणून एका छपराखाली अशी अनेक जिने रांगेने मांडावी लागतात आणि प्रत्येकापुढे कापूस घालणारे माणूस लागते. वऱ्हाड-खानदेशात हे माणूस बहुधा स्त्री असे. कापूस जिनात सारायचा, खाली पडलेली सरकी व पुढे आलेली रुई वेगळी होऊ द्यायची, आणि हवेत भरून राहिलेल्या तुसाचा श्वास घ्यायचा, हे तिचे काम. इंजिनावर, दाबयंत्रावर व ओझ्याला पुरुष असत. मजूर पुष्कळदा मुकादमामार्फत गोळा केले जात, आणि ते जवळच्या खेड्यांतील शेतमजूरच असत. ज्या बाईने कार्तिकात कापूस वेचला तीच पौषात तो जिनात घालीत असे. शेतमजूर कोठे संपला आणि कारखान्याचा कामगार कोठे सुरू झाला, ह्याची रेघ तिच्या आयुष्यात नव्हती. कायद्याला मात्र ती रेघ हवी होती.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने ही रेघ अशी ओढली : यांत्रिक शक्ती वापरणारा, शंभर किंवा अधिक माणसे असलेला, आणि वर्षातून एकंदर किमान चार महिने चालणारा असेल तोच कारखाना. सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसास नऊ तासांची मर्यादा, एवढेच त्या कायद्याचे मुख्य देणे. स्त्रियांबद्दल त्यात काहीही नव्हते. परंतु हे तुटपुंजे संरक्षणही जिनातील मुलांना मिळेल अशी खात्री नव्हती. ज्या मालकाला चार महिन्यांच्या आत हंगाम उरकता येई त्याला कायद्याचे भय नव्हते. हंगाम लवकर उरकण्याचा मार्ग म्हणजे दिवसाचे तास वाढविणे. म्हणजे कायद्यातून सुटण्याची अट आणि मजुराला अधिक राबविण्याची प्रेरणा ह्या दोन्ही एकाच कलमात वसत होत्या. कायदा करणाऱ्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे म्हणण्यास आधार नाही. पण परिणाम तोच झाला.

ह्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर १८८४ मधील सभा, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज, रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठराविक तारखेस पगार, अपघातात भरपाई ह्या मागण्या सर्वपरिचित आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. लोखंड्यांच्या संघटनेला सभासदांची नोंद व वर्गणी नव्हती, म्हणून ती खऱ्या अर्थाने कामगार संघटना नव्हती, असा आक्षेप पुढे घेतला गेला. हा आक्षेप मला नेहमीच थोडा अन्यायाचा वाटत आला आहे. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या ह्या माणसाने कामगाराला अर्ज करावयास शिकविले, सभा भरवावयास शिकविले. नोंदवही ही त्यापुढची पायरी. मात्र त्याच वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांची जी हकीकत आली तिच्याकडे चळवळीच्या इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही. ऐन हंगामात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत जिने चालत आणि त्यांवर बहुशः त्याच त्या स्त्रिया काम करीत, हे त्या साक्षीवरून दिसून येते. ह्या स्त्रियांच्या वतीने अर्ज करणारा लोखंडे मात्र खानदेशात नव्हता, वऱ्हाडातही नव्हता.

वऱ्हाडात सरकारला कापसाच्या व्यवहारात लक्ष घालण्याची इच्छाच नव्हती, असेही नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने वजन, मापे, दलाली ह्यांना शिस्त लावण्यात आली. पुढे १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक दाबकारखान्याला एक खूण देण्यात आली व बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर ती खूण व अनुक्रमांक उमटविणे सक्तीचे झाले. त्यामुळे लिव्हरपुलच्या गोदामात गाठ फोडल्यावर भेसळ आढळली तर ती कोणत्या कारखान्यातील, हे शोधता येई. त्या गाठीतील रुई ज्या बाईच्या हातून निघाली तिला असा क्रमांक नव्हता. कापूस हा सरकारला परिचित होता. मजूर तितका नव्हता. हे टीकेसाठी म्हणत नाही, तर कालक्रम ध्यानात यावा म्हणून म्हणतो : बाजाराचा कायदा १८९७ चा, आणि चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या जिनांतील मजुराला कारखान्याचा कामगार मानणारा कायदा १९११ चा.

मधल्या काळात १८९१ च्या कायद्याने माणसांची मर्यादा पन्नासावर आणली, स्त्रियांना अकरा तासांची सीमा घातली व साप्ताहिक सुटी दिली. तथापि जिनांपर्यंत ह्याची झळ कितपत पोचली असेल, ते १९०८ च्या भारतीय कारखाना मजूर आयोगाच्या अहवालावरून कळते. काही जिनांत व दाबकारखान्यांत माणसे दिवसाचे सतरा-अठरा तास काम करीत असल्याचे ह्या आयोगाला आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मुलर विरुद्ध ओरेगॉन' ह्या खटल्यात स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित करणारा राज्याचा कायदा वैध ठरविला. तीनच वर्षांपूर्वी, १९०५ च्या 'लॉकनर' खटल्यात, बेकरीतील कामगारांसाठी केलेला तशाच स्वरूपाचा कायदा ह्याच न्यायालयाने कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली मोडून काढला होता. स्त्री दुबळी आहे, म्हणून तिच्या बाबतीत कराराचे स्वातंत्र्य बाजूस ठेवता येते, हा तेथील युक्तिवाद. आपल्याकडे १९११ चा कायदा झाला तेव्हा युक्तिवाद उलट दिशेने फिरला : रात्री स्त्रियांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, पण कापसाच्या जिनांना व दाबकारखान्यांना त्यातून सवलत देण्यात आली. ज्या उद्योगात स्त्रिया सर्वाधिक रात्री काढीत होत्या नेमका तोच उद्योग वगळला गेला. पुरुषांसाठी प्रथमच आलेली बारा तासांची मर्यादा सूत व कापड काढणाऱ्या कारखान्यांपुरती होती. जीन कायद्याच्या उंबरठ्याच्या आत आले खरे, पण ओसरीवरच बसविले गेले.

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती बदलली, आणि तो बदल काही अंशी अमेरिकेच्या भूमीवरून आला. १९१९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन वॉशिंग्टन येथे भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. यजमान राष्ट्र स्वतः त्या संघटनेचे सभासद नव्हते. ते १९३४ मध्ये झाले. ह्या अधिवेशनात जगासाठी आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले आणि हिंदुस्थानसाठी वेगळ्या कलमाने साठ. १९२२ च्या दुरुस्तीने ते साठ तास आपल्या कायद्यात उतरले व माणसांची मर्यादा वीसवर आली. मधल्या वर्षी, म्हणजे १९२० मध्ये, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना मुंबईस झाली. तिचे पहिले अध्यक्ष लाला लजपतराय नुकतेच अमेरिकेतून परतले होते. तेथील कामगार संघटनांचे बळ व त्यांतील वर्णभेद त्यांनी जवळून पाहिला होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने कोणत्याही सात माणसांना संघटना नोंदविण्याचा मार्ग मोकळा केला. वऱ्हाडातील एखाद्या जिनात सात माणसे मिळत नव्हती असे नाही. पण मिळालेली सात माणसे आखाड्यात कोठे असतील हे कोणी सांगू शकत नव्हते. संघटनेला वर्गणी लागते, आणि वर्गणीला महिन्याचा पगार लागतो.

वऱ्हाडला सर्वांत जवळचे कामगार केंद्र म्हणजे नागपूर. तेथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ पासून चालू होती आणि रामभाऊ रुईकरांच्या नेतृत्वाखाली कापड कामगारांची संघटना उभी राहिली होती. ट्रेड युनियन काँग्रेसचे १९२९ चे अधिवेशन नागपुरास, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि तेथेच ती संघटना फुटली. फुटीच्या कारणांपैकी एक असे, की सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगावर, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरवर, बहिष्कार घालावा की नाही. जोशी स्वतः आयोगाचे सभासद होते. बहिष्काराचा ठराव झाल्यावर त्यांचा गट बाहेर पडला. ह्या फुटीची राजकीय मीमांसा पुष्कळ झाली आहे. आपल्या दृष्टीने तिचा परिणाम निराळाच आहे. हंगामी कारखान्यांचा स्वतंत्र व सविस्तर विचार करण्याची सरकारला पहिल्यांदा संधी मिळाली, त्याच वेळी कामगारांची सर्वांत मोठी संघटना बहिष्काराच्या बाजूला होती. जिनातील मजुरांचे म्हणणे मांडणारे बलवान मंडळ आधीच नव्हते. ह्या वादामुळे ते होण्याची शक्यताही दुरावली.

आयोगाच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३४ चा कारखाना कायदा झाला. ह्या कायद्याने कारखान्यांच्या दोन जाती केल्या : बारमाही व हंगामी. बारमाही कारखान्यात दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास. हंगामी कारखान्यात अकरा व साठ. हंगामी कोणते? कायद्याने यादी दिली : कापसाची सरकी काढणे, कापूस वा ताग दाबणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर किंवा चहा तयार करणे. ही यादी वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे. पूर्वी हंगाम हा कायद्याबाहेर राहण्याचा मार्ग होता, आता तो कायद्याच्या आत खालच्या पायरीवर बसण्याचा मार्ग झाला. ही प्रगतीच होती. पण तिच्याबरोबर हंगाम हा कायद्याच्या भाषेत कायमचा रुजला, हेही खरे.

ह्याच वर्षात अमेरिकेच्या कापूस-प्रदेशात एक निराळा प्रयोग चालू होता. जुलै १९३४ मध्ये अर्कान्सॉ राज्यातील टायरोन्झा ह्या लहानशा गावी गोऱ्या व काळ्या कुळांनी एकत्र येऊन 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' स्थापन केली. कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी सरकार जमीनदारांना पैसा देत होते व जमीनदार कुळांना हुसकून लावीत होते, हे तिचे निमित्त. पुढल्या वर्षी तिने ऐन वेचणीच्या दिवसांत संप पुकारला. येथे एक गोष्ट ध्यानात येते. हंगाम हा केवळ मजुराची दुर्बलताच नव्हे. पीक उभे असताना हात आखडले तर तो त्याचे शस्त्रही होतो. परंतु ह्या शस्त्राची किंमत काय असते ते लुइझियानातील उसाच्या मळ्यांवर १८८७ मध्ये दिसले होते. 'नाइट्स ऑफ लेबर' ह्या संघटनेने गाळपाच्या हंगामात तेथे संप केला तेव्हा थिबोडो गावी कित्येक काळ्या मजुरांना ठार करण्यात आले आणि त्या भागातील चळवळ मोडली. उत्तरेकडील हेमार्केटचे नाव आपल्या प्रत्येक मे दिनाच्या भाषणात येते. त्यानंतर दीडच वर्षाने घडलेल्या थिबोडोचे क्वचितच.

रूझवेल्टच्या काळातील दोन मोठे कायदे म्हणजे अमेरिकेच्या कामगार इतिहासातील शिखर मानले जातात, आणि ते योग्यच आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटना करण्याचा, सामुदायिक वाटाघाटींचा व संपाचा हक्क दिला. १९३८ च्या 'फेअर लेबर स्टँडर्ड्स' कायद्याने किमान वेतन, जादा तासांची दीडपट मजुरी व बालमजुरीवरील निर्बंध आणले. तथापि वॅग्नर कायद्याच्या व्याख्येतून शेतमजूर व घरकाम करणारे वगळले गेले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याखालील वार्धक्य व बेकारीचे विमेही प्रारंभी त्यांना लागू नव्हते. दक्षिणेतील काळ्या कामगारांपैकी फार मोठा भाग ह्याच दोन धंद्यांत होता. हे वगळणे दक्षिणेच्या सिनेटर-प्रतिनिधींच्या वर्णद्वेषी आग्रहामुळे घडले, की वर्गणी व कर गोळा करण्याच्या प्रशासकीय अडचणींमुळे, ह्याविषयी अमेरिकन अभ्यासकांत मतभेद आहे. दोन्ही कारणे एकमेकांना पूरक होती असे माझे मत. कारण प्रशासकीय अडचण नेहमी दुर्बलांच्याच बाबतीत अनिवार्य ठरते, हे आपल्या १८८१ च्या कायद्यातही दिसते.

शेताबाहेर, स्वतंत्र कारखान्यात जे कापसाचे जीन चालते ते मात्र शेती नव्हे. मग त्याचे काय? १९३८ च्या कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद करण्यात आली. दुधाची पहिली प्रक्रिया, सरकीची प्रक्रिया इत्यादींबरोबरच कापसाचे जिनिंग व गाठी दाबणे ह्या कामांना तासांच्या मर्यादेतून मोकळे करण्यात आले. शिवाय पिकाच्या 'उत्पादनक्षेत्रात' जिनिंग करणाऱ्यांना वेतन व तास ह्या दोन्ही कलमांतून वगळण्यात आले. चार वर्षांच्या अंतराने दिल्ली व वॉशिंग्टन येथील कायदेमंडळांनी पृथ्वीच्या दोन टोकांवर एकाच यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाविषयी जवळजवळ सारखाच निर्णय घेतला. एकाने दुसऱ्याचे पाहून घेतला असे मानण्याचे कारण नाही. दोन्हीकडे कापसाचा व्यापारी, सावकार व जमीनमालक एकाच प्रकारे बोलत होता, एवढे पुरेसे आहे.

तो काय बोलत होता? की शेतमाल थांबत नाही. दुधाच्या बाबतीत हे निर्विवाद आहे. उसाच्या बाबतीतही बऱ्याच अंशी. पण कापूस रात्रीतून नासत नाही. आगीचे भय असते, अवकाळी पावसाचे भय असते हे मान्य. परंतु छपराखाली ठेवलेला कोरडा कापूस आठवडेच्या आठवडे टिकतो. घाई असते ती भावाची व व्याजाची. बाजार तेजीत असताना गाठी मुंबईस पोचल्या पाहिजेत आणि जिनासाठी उचललेल्या कर्जावर जास्तीत जास्त माल निघाला पाहिजे, ही ती घाई. वऱ्हाडात कित्येक ठिकाणी जिनवाले आपसांत 'पूल' करीत. काहींनी जिने चालवावी, काहींनी बंद ठेवावी व नफा सर्वांनी वाटून घ्यावा, असा तो करार असे. ज्या गावात एक जीन रात्रंदिवस चालते आणि शेजारचे सुस्थितीतील जीन कराराने बंद असते त्या गावात मालाची निकड हे लांब तासांचे समर्थन होऊ शकत नाही. हा मुद्दा त्या काळच्या चर्चेत जेवढ्या जोराने मांडला जावयास हवा होता तेवढा तो मांडला गेल्याचे दिसत नाही.

तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. अमेरिकन करवती जिनात माणसे थोडी आणि बहुधा पुरुष. वऱ्हाडच्या रूळजिनात माणसे पुष्कळ आणि स्त्रिया अधिक. तेथे मजुराला मतदानापासून रोखणारे वर्णाचे कायदे होते. येथे जात होती, पण ती कायद्याच्या कलमात लिहिलेली नव्हती. तेथे काळा मजूर दक्षिण सोडून शिकागोस जाऊ शकत होता, आणि गेलाही. घाटंजीकडच्या शेतमजुराला मुंबईची गिरणी तेवढी जवळ कधीच नव्हती. म्हणून दोन्ही इतिहास एकमेकांचे प्रतिबिंब आहेत असे मी म्हणत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ह्या प्रश्नाला वेगळे वळण लागले. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ ह्या काळात अर्थशास्त्राचे अध्ययन केलेले, आणि १९३८ च्या मुंबईच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरच्या संपात पुढाकार घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकीर्दीत आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवर व हंगामी कारखान्यांत पन्नासवर आणले. साठ आणि चोपन्न ह्यांतील सहा तासांचे अंतर दोनवर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेही नाहीसे केले : हंगामी व बारमाही हा भेदच काढून टाकला, आणि यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी माणसांची मर्यादा दहावर आणली. सदुसष्ट वर्षांनंतर जीन हे निव्वळ कारखाना झाले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती; परंतु त्याच १९४८ सालचा दुसरा कायदा उघडला म्हणजे जुना परिचित भेटतो. राज्य कामगार विम्याचा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. हंगामी कारखाना म्हणजे कोणता, तर कापसाची सरकी काढणे, कापूस वा ताग दाबणे, शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा. म्हणजे १९३४ ची तीच यादी, त्याच क्रमाने. कामाच्या तासांच्या दारातून बाहेर घातलेला भेद आजारपण, बाळंतपण व अपघाताच्या दारातून परत आला. १९५३ मध्ये औद्योगिक कलह कायद्यात काम नसल्याच्या काळातील भरपाईचे प्रकरण घालण्यात आले तेव्हाही हंगामी स्वरूपाचे धंदे त्यातून वगळले. ह्याला तर्क नाही असे नाही. जो कारखाना दरवर्षी बंद पडणारच त्याने बंद राहिल्याची भरपाई का द्यावी, असे विचारता येईल. पण विम्याच्या बाबतीत हा तर्क चालत नाही. रूळजिनाच्या पट्ट्यात ओढणी सापडून जखमी झालेल्या बाईचा हात हंगामापुरताच जायबंदी होत नाही.

संघटनेच्या बाबतीत मात्र विदर्भात एक निराळा धागा आहे, त्याचा येथे केवळ निर्देश करतो. जिनाच्या आत संघटना तग धरू शकली नाही, परंतु जिनाच्या फाटकावर व बाजाराच्या आवारात गाडी भरणारा-उतरविणारा हमाल हा अधिक काळ गावात टिकणारा माणूस. महाराष्ट्र राज्याने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी केलेल्या कायद्याने एक नवी युक्ती काढली : मालक कोण, हे न शोधता मंडळाकडे कामगाराची नोंद करायची आणि मजुरी व लेव्ही मंडळामार्फत द्यायची. बारमाही मालक नसलेल्या माणसाला कायद्याने कसे धरावे, ह्या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. अमेरिकेत ह्याच्या जवळ जाणारे काही शोधावयाचे तर पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी १९३४ च्या संपानंतर मिळविलेल्या भरतीकेंद्रांकडे पाहावे लागेल. जिनातील स्त्रियांपर्यंत ही युक्ती नेण्याचा विचार का झाला नाही, हा एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

अलीकडचा काळ थोडक्यात सांगतो. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुष्कळशी जिने पणन महासंघाच्या कामावर चालू लागली. मजुरांचा मोसम मात्र तोच राहिला. पुढे यंत्रे बदलली, कापूस हवेच्या नळीने जिनापर्यंत जाऊ लागला व माणसे कमी झाली. संसदेने २०१९-२० मध्ये संमत केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणल्या गेल्या आणि वर उल्लेखिलेले केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी माणसांची मर्यादा दहावरून पुन्हा वीसवर गेली. म्हणजे १९२२ मध्ये होती तेथे. सामाजिक सुरक्षा संहितेत हंगामी कारखान्याची व्याख्या आहेच, आणि तीत कापसाचे जिनिंग प्रथम स्थानी आहे. त्या यादीत नीळही आहे. नैसर्गिक निळीचा उद्योग कृत्रिम रंगांपुढे शतकापूर्वीच नामशेष झाला. पण कायद्यातील नीळ उडालेली नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, १९६६ मध्ये शेतमजुरांच्या काही वर्गांना किमान वेतन मिळाले. तथापि ज्या परगण्यात व्यापारी प्रमाणावर कापूस पिकतो तेथील जिनातील कामगाराला जादा तासांची दीडपट मजुरी देण्याचे बंधन त्या कायद्यात आजही नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने काही गोष्टी हाताशी आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कारखाना निरीक्षकांचे वार्षिक अहवाल, व्हिटली आयोगापुढील साक्षींचे खंड आणि जुन्या यवतमाळ जिल्ह्याचे गॅझेटियर ही साधने मुद्रित आहेत. जिनांच्या स्वतःच्या हजेरीवह्या हे चौथे साधन. ते मुद्रित नाही, आणि बंद पडलेल्या जिनांच्या जागा विकल्या जात असताना रद्दीत जाण्याचा धोका त्यालाच सर्वांत अधिक आहे. घाटंजी, पांढरकवडा, वणी, दारव्हा ह्या भागांतील विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर प्रथम ह्या वह्यांची चौकशी करावी. अशा वहीत स्त्रियांची नावे कोणत्या रीतीने लिहिली आहेत, एकच नाव किती हंगाम पुन्हा पुन्हा येते आणि अंगठ्याच्या खुणेपुढे तास मांडले आहेत की केवळ दिवस, एवढे टिपून आणले तरी वर मांडलेल्या विधानांपैकी कोणती टिकतात व कोणती दुरुस्त करावी लागतात, ते पाहता येईल.